कुत्र्याला आपली व्हिटॅमिनची गोळी चालते का? घरी पहिलं कुत्रं आणलेल्यांसाठी

आईला डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली होती. तिचा वार रविवार. मागच्या श्रावणात एका रविवारी ती कॅप्सूल घ्यायला गेली, तर स्ट्रिप पलंगाखाली सापडली. चारांपैकी एक तिने आधी घेतलेली, एक शाबूत, आणि दोन घरांची चांदी दातांनी फाडलेली. बुंदी, आमची स्पिट्झ, दिवाणाच्या कोपऱ्यात बसून मिशा चाटत होती.

मी औषधाच्या दुकानात फोन लावला. "ताई, व्हिटॅमिनच आहे ना? मग काय होतंय, उलट ताकद येईल," असं उत्तर आलं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून ते लगेच पटलं. तासभर असाच गेला. मग भावाने सहज विचारलं, "हिचं वजन किती गं?" ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

सहा किलो निघालं. सहा किलोच्या कुत्रीने ६०,००० आययूच्या (आययू हे व्हिटॅमिन मोजायचं माप) दोन कॅप्सूल खाल्ल्या म्हणजे नेमकं काय झालं, ते चौथ्या पायरीत आकड्यांत मांडलंय. बुंदी आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचताना सगळं लक्ष तिकडेच राहील.

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका घरात आई, भाऊ, वहिनी, पुतण्या आणि एक कुत्री असा संसार सांभाळणारी बाई आहे. पण त्या आठवड्यात जे कळलं ते कुत्रं आणायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. "कुत्र्याला हे द्या, हे देऊ नका" अशा याद्या मोबाइलवर ढिगाने येतात. त्यांची अडचण एकच, त्यांत किलो नसतात.

काय काय लागेल

- माणसांचा साधा वजनकाटा
- घरातली सगळी औषधं, एकूण एक
- मोबाइलचा कॅमेरा (बारीक अक्षरं मोठी करून वाचायला)
- घट्ट झाकणाचा एक डबा, शक्यतो आधी खाऊचा नसलेला
- एक कागद आणि जाड पेन, फ्रिजवर लावायला

१. आधी वजन

कुत्रं काट्यावर स्थिर उभं राहत नाही. त्याच्या मागे पळू नका. आधी तुम्ही एकटे उभे राहा, आकडा लिहा. मग त्याला कडेवर घेऊन उभे राहा, पुन्हा आकडा लिहा, आणि वजाबाकी करा. मी ५८.४, आम्ही दोघी मिळून ६४.४, म्हणजे बुंदी ६ किलो. लॅब किंवा जर्मन शेफर्ड मोठा झाला की उचलवत नाही. तेव्हा दवाखान्यात लसीला न्याल, त्या वेळी वजन करून घ्या.

पिल्लाचं वजन दर पंधरा दिवसांनी बदलतं, मोठ्याचं दोन-तीन महिन्यांनी बघितलं तरी पुरतं. आकडा कागदावर लिहा, तारखेसकट. पुढची प्रत्येक पायरी याच आकड्यावर उभी आहे.

२. औषधांचा डबा उपसा

आमच्याकडे औषधं बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायची. त्या डब्याचं झाकण वाजलं की बुंदी स्वयंपाकघरातून धावत यायची. तिच्या लेखी तो बिस्किटांचाच डबा होता, आणि त्यातल्या मऊ जिलेटिनच्या कॅप्सूल तिला खाऊच वाटणार. हे आमच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली! तेव्हा पहिला बदल हाच करा: खाऊ ज्या डब्यात असतो किंवा कधी काळी असायचा, त्यात औषध ठेवायचं नाही.

मग सगळं सतरंजीवर ओता आणि तीन ढीग करा. कुत्र्याला आधी दुसऱ्या खोलीत कोंडा.

*पहिला ढीग: एक जरी पोटात गेली तरी लगेच फोन.* व्हिटॅमिन डीच्या ६०,००० आययूच्या कॅप्सूल आणि पुड्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या. सहा किलोच्या कुत्र्याच्या जठराला जखम व्हायला आयबुप्रोफेनची ४०० मिग्रॅची एक गोळी पुरते. मधुमेहाच्या गोळ्याही यातच. आणि एक फसवा प्रकार म्हणजे पायांना मुंग्या येतात म्हणून मधुमेहींना दिलेल्या "नसांच्या व्हिटॅमिन"च्या गोळ्या. पुढे मोठ्या अक्षरात मिथाइलकोबालामिन असतं, म्हणजे बी १२, अगदी निरुपद्रवी. मागे मात्र बऱ्याचदा अल्फा लिपोइक अ‍ॅसिडही निघतं. ते कुत्र्याची रक्तातली साखर खाली आणतं, जास्त गेलं तर यकृतावर येतं. कधी कधी त्यात झोप आणणारं प्रेगाबालिनही मिसळलेलं असतं. घरोघरी याला "आईची विटामिनची गोळी" म्हणतात.

*दुसरा ढीग: किती गेल्या त्यावर ठरतं.* लोह, कॅल्शियम, झिंक, मल्टिव्हिटॅमिन, कॉड लिव्हर ऑइल. झिंकच्या गोळ्या मुलांच्या जुलाबात मिळतात आणि उरलेली पट्टी वर्षभर घरात पडून असते. झिंक जास्त झालं तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

*तिसरा ढीग: एखादी गेली तर बहुधा काही होत नाही.* साधं बी कॉम्प्लेक्स, व्हिटॅमिन सी. ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, जास्तीची लघवीवाटे जातात. फार तर एखाद-दोनदा जुलाब होतील. पण म्हणून तो काही खाऊ होत नाही, आणि चघळायच्या गोळ्या असतील तर पुढची पायरी वाचल्याशिवाय त्यांना या ढिगात टाकू नका.

मुदत संपलेलं काही निघालं तर ते ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, त्यात द्या.

३. पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय याला काही अर्थ नाही. "डेली", "गोल्ड", "फोर्ट", "प्लस" ही सगळी विकायची नावं. मागची बारीक अक्षरं कॅमेऱ्यात मोठी करा आणि हे शोधा:

कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन डी ३. याचं माप आययूमध्ये असतं. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम, आणि १००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम.

लोहाच्या गोळीवर "एलिमेंटल आयर्न" किती, ते बघा. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट ही क्षारांची नावं. क्षाराचं वजन वेगळं, त्यातलं खरं लोह वेगळं. आपल्याला हिशोबासाठी खरं लोह हवं.

झायलिटॉल. हा शब्द दिसला की थांबायचं. साखरेऐवजी वापरतात हे. माणसाला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते जाताच इन्शुलिन भसाभस सुटतं आणि साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेच हे होऊ शकतं, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याची भीती. मुलांच्या व्हिटॅमिन गमीज, चघळायच्या गोळ्या, शुगर-फ्री च्युइंगम, काही टूथपेस्ट आणि माउथवॉश, काही पीनट बटर यांत ते असू शकतं. कधी नाव न लिहिता नुसता ९६७ हा क्रमांक छापलेला असतो. शुगर-फ्री म्हटलं की प्रत्येक वेळी झायलिटॉलच असतं असं नाही, चहात टाकायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. वाचूनच ठरवा.

आणि देशी बाटल्याही वाचा. आमच्याकडे आजीच्या काळापासून द्राक्षासव असायचं. नावातच द्राक्ष आहे, आणि आसव म्हणजे त्यात मद्यार्क आलाच. कुत्र्यासाठी दोन्ही वर्ज्य. आयुर्वेदिक आहे, सौम्य आहे, असं म्हणून "थोडंसं चाटू दे" हा मोह होतो, तो आवरा.

४. आता भागाकार

पोटात गेलेलं एकूण मिलिग्रॅम भागिले कुत्र्याचं वजन. एवढंच गणित आहे.

बुंदीचं घ्या. ६०,००० आययू म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १.५ मिग्रॅ. दोन कॅप्सूल म्हणजे ३ मिग्रॅ. भागिले सहा किलो, किलोमागे ०.५ मिग्रॅ. व्हिटॅमिन डीचा त्रास कुत्र्यांत किलोमागे साधारण ०.१ मिग्रॅपासून दिसू लागतो, आणि ०.५ च्या आसपास रक्तातलं कॅल्शियम इतकं चढू शकतं की मूत्रपिंडं धोक्यात येतात. आम्ही नेमके त्या रेषेवर उभे होतो, आणि मी ताकद येण्याची वाट पाहत होते.

हीच एक कॅप्सूल शेजारच्या ३० किलोच्या लॅबने खाल्ली असती तर किलोमागे ०.०५ आलं असतं. फोन त्यांनीही करायचाच, पण रात्र वेगळी गेली असती. आणि रोजची १००० आययूची साधी गोळी बुंदीने एखादी गिळली असती तर? ०.०२५ मिग्रॅ भागिले सहा. घाबरण्यासारखं काही नाही. नाव तिन्हीकडे व्हिटॅमिन डीच.

लोहाचं गणित वेगळ्या आकड्यांवर चालतं. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं. किलोमागे २० मिग्रॅच्या खाली सहसा काही होत नाही, २० ते ६० मध्ये उलट्या-जुलाब, ६० च्या पुढे गंभीर. सहा किलोच्या कुत्रीने एक गोळी खाल्ली तर १०, तीन खाल्ल्या तर ३०, सहा खाल्ल्या तर ६०. बाजारातल्या काही गोळ्यांत एकेकीत १०० मिग्रॅ असतं, तिथे चारच पुरतात. लोहाची एक खोड अशी की सुरुवातीच्या उलट्या थांबून कुत्रं मध्ये काही तास बरं वाटतं, आणि मग ढासळतं. त्या मधल्या वेळात "बरं झालं, वाचलं" म्हणून घरी बसू नका.

हे आकडे घाई किती करायची ते ठरवण्यासाठी आहेत. "एवढं चालतं म्हणजे एवढं देऊया" यासाठी ते वापरू नका.

५. द्यायची गरज आहे का, हे कोण ठरवणार

आतापर्यंतचं सगळं चुकून खाल्लेल्याबद्दल झालं. खरं तर जास्त नुकसान मुद्दाम, प्रेमाने दिलेल्यात होतं.

कुत्रं तयार खाद्यावर असेल आणि पाकिटावर ते संपूर्ण व संतुलित आहार असल्याचं लिहिलं असेल, तर जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यात आधीच घातलेली आहेत. वरून आणखी घातली की तोल बिघडतो.

सगळ्यात जास्त घोळ कॅल्शियमचा. "मोठ्या जातीचं पिल्लू आहे ना, मग कॅल्शियमचं सिरप चालू करा, पाय मजबूत होतील," हा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात तीन जण देतील, त्यातला एक पिल्लू विकणारा असेल. उलटं आहे हो. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, येईल तेवढं शोषलं जातं. ग्रेट डेन, शेफर्ड, लॅब अशा झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांत त्याने हाडं वेडीवाकडी वाढतात. गाभण कुत्रीचंही तसंच. गाभणपणात भरमसाट कॅल्शियम दिलं तर हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणायची शरीराची सवय मोडते, आणि व्यायल्यावर दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं. कुत्री थरथरते, ताठते, ताप चढतो. लहान जातीत हे जास्त दिसतं आणि ती तातडीची वेळ असते.

व्हिटॅमिन सी कुत्र्याचं यकृत स्वतःच बनवतं, निरोगी कुत्र्याला बाहेरून द्यावं लागत नाही. डीच्या बाबतीत मात्र ते आपल्याहून लंगडं. ऊन अंगावर घेऊन त्याच्या कातडीत पुरेसं डी बनत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. म्हणून "उन्हात बसव जरा" हा आईचा उपाय त्याला लागू नाही. इंदूरच्या मे महिन्यात तर नकोच.

मग कोणाला गरज असते? दूध-पोळी किंवा नुसत्या वरणभातावर वाढलेल्या कुत्र्याला असू शकते. नुसत्या चिकन-भातावर असलेल्यालाही, कारण त्यात कॅल्शियम फारच कमी पडतं. पण तेव्हा आपल्या डब्यातली गोळी अर्धी मोडून द्यायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, हे कुत्रं दिवसभरात नेमकं काय खातं, आणि ते कुत्र्यांसाठीचं औषध मापासकट लिहून देतील. कुत्र्यांच्या औषधातही "चमचा" म्हणजे कोणता चमचा, हे विचारून घ्या. बाटलीसोबतचं माप वापरा.

सामिष घरांसाठी एक: कलेजी कुत्र्यांना जिवापाड आवडते, आणि त्यात व्हिटॅमिन ए ठासून भरलेलं असतं. कधीमधी दोन तुकडे ठीक. रोजची वाटी महिनोन्‌महिने चालू ठेवली तर ए साठत जातं आणि सांधे धरतात. कॉड लिव्हर ऑइलमध्ये ए आणि डी दोन्ही असतात, साध्या माशाच्या तेलाशी त्याची गल्लत करू नका.

६. ओट्यावरचं

कांदा आणि लसूण. मराठी स्वयंपाकात यांना चुकवणं म्हणजे पावसात छत्रीशिवाय कोरडं राहणं. वाटणात, आमटीत, चटणीत, पोह्यांत ते असणारच. शिजवल्याने यांचा दोष जात नाही. वाळवलेल्यात तो वजनाच्या मानाने वाढतोच, आणि लसूण कांद्याहून कितीतरी तिखट निघतो. किलोमागे १५ ग्रॅम कांदा एवढ्यापासून रक्तावर परिणाम दिसतो, म्हणजे बुंदीला ९० ग्रॅम, एक मध्यम कांदा. पण रोज थोडं थोडं गेलं तरी ते जमा होतं. आणि हे त्याच दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, कुत्रं जिना चढताना दमतं. तोवर कांदा कुणाच्या लक्षातही नसतो.

"आमटीतला कांदा बाजूला काढून दिली" याचा उपयोग नाही, रस आमटीतच उतरलेला असतो. मी आता कुकरमध्ये एक वेगळा लहान डबा लावते. मूठभर तांदूळ, लाल भोपळ्याची फोड, गाजर, पाणी. मीठ नाही, फोडणी नाही. आमच्या वरणभातासोबतच शिट्ट्या होतात, वर उकडलेलं अंडं किंवा चिकन कुस्करते. गॅसही वेगळा लागत नाही. हा डबा पूर्ण आहार नव्हे, तिचं मुख्य खाणं वेगळं आहे. वरखाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, असा साधारण नियम आहे.

द्राक्षं, मनुका, बेदाणे: शून्य. यांत कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडणारं काही आहे हे फार वर्षं माहीत होतं, २०२१ मध्ये टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं गेलं. एखादं कुत्रं मूठभर खाऊन धड राहतं, दुसरं थोड्याने जातं, म्हणून इथे भागाकार करत बसायचं नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. प्रसाद खाली सांडतो, आणि सांडलेलं उचलायला कुत्र्याइतकं तत्पर कोणी नसतं. तेच टार्टरिक आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्याही नोंदी आहेत. आमटीचं भांडं चाटायला देत असाल तर तेही बंद करा.

चॉकलेट: जितकं कडू तितकं वाईट. बुंदीएवढ्या कुत्र्याला दुधाचं चॉकलेट ६० ग्रॅमच्या आसपास त्रास देऊ लागतं, डार्क पंचवीस ग्रॅमच्या आतच, आणि केकसाठी आणलेली कोको पावडर चार-पाच ग्रॅमलाच.

शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या चिरफळ्या होतात. आंब्याची कोय नको, आतड्यात अडकते. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. दही-ताक थोडं चालतं.

७. इंदूरची खास संकटं

सकाळच्या पोह्यांवर कच्चा कांदा भुरभुरलेला असतो आणि त्यावर शेव. जिलेबी म्हणजे नुसती साखर आणि तूप, ती विष नाही, पण रोजची सवय लागली तर वजन आणि दात दोन्ही जातात. शेवेत मात्र बघा कोणती. लवंगवाली तिखट-खारट असते, लसूणवालीत लसूण आहे. पाहुणा नमकीनची वाटी हातात घेऊन बसतो आणि दर दोन मिनिटांनी एक चिमूट खाली टाकतो. त्याला वाटतं तो लाड करतोय.

बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) तुपात बुडवलेले, हिवाळ्यात गराडू (एक कंद) तळलेले, दिवाळीचा फराळ. या तुपा-तेलाने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पोट आखडून पाठ उंच करून उभं राहणं आणि सतत उलट्या ही त्याची खूण.

भुट्टा. पावसाळ्यात आपण खाऊन बुरकुंड टाकतो, कुत्रं ते कडाकडा फोडून गिळतं, आणि ते पचत नाही. आतड्यात अडकलं तर शस्त्रक्रिया. दाणे चालतात, बुरकुंड नाही.

आणि ओल्या कचऱ्याची बादली. स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून पहिल्या नंबरावर आलं, त्याचं श्रेय आपल्या ओल्या-सुक्याच्या बादल्यांनाही आहे. पण कुत्र्याच्या नजरेने बघा: कांद्याची सालं, कोय, बुरकुंड, हाडं, चिंचेचा चोथा, सगळं एका जागी, त्याच्या नाकाच्या उंचीवर, रात्रभर. बादली ओट्यावर ठेवा नाहीतर पायाने उघडणारी जड झाकणाची घ्या. आमची गॅलरीत दाराआड असते.

चंपाषष्ठीचंही सांगते. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे इथे पुष्कळ घरांत भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि कुत्र्यालाही घास घालतात. रोडगा द्या. भरीत आणि कांद्याची पात पानातच राहू द्या. आई आधी कुरकुरली, मग म्हणाली, खंडोबाला रोडगा पोचला म्हणजे झालं.

८. घरच्यांना सांगणं

हे सगळ्यात अवघड. "एवढ्याशाने काय होतंय, आमच्या वाड्यातला कुत्रा सगळं खायचा" याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. वाड्यातला कुत्रा किती वर्षं जगला हे विचारून मी एकदा भांडणही ओढवून घेतलं. उपयोग झाला तो एका बरणीचा. त्यात बुंदीचे चालणारे तुकडे ठेवले, गाजर आणि उकडून वाळवलेलं चिकन. ज्याला लाड करायचेत त्याने बरणीतून करावेत. पुतण्याला बरणीचा मुनीम केलंय. तो मोजून देतो, आजीलासुद्धा.

कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. त्या शिळी पोळी भाजीत बुडवून देतात, मायेनेच देतात, आणि भाजीत कांदा असतो.

९. खाल्लंच, तर

उरलेलं काढून घ्या. किती गेलं याचा जास्तीत जास्त अंदाज धरा: दोन गायब असतील आणि एक कदाचित सोफ्याखाली असेल, तरी दोनच धरा. वेळ बघून लिहा. मग फोन.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. जास्तीच्या मिठाची विषबाधा वेगळीच होऊन बसते. दूध, तूप, दही, लिंबू यांनी विष "मारलं" जात नाही. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. ती बहुतेक वेळा पहिल्या दोन तासांतच कामाची असते, म्हणून माझा तो एक तास मला अजून टोचतो. लक्षणं दिसण्याची वाट बघू नका. व्हिटॅमिन डीत ती दिसायला अर्धा दिवस ते दीड दिवस लागतो: खूप पाणी पिणं, खूप लघवी, उलट्या, अन्नावरची वासना जाणं.

जवळचा दवाखाना रविवारी आणि रात्री उघडा असतो का, हे आजच विचारून ठेवा. एक दुसरा दवाखानाही हेरून ठेवा. महूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरपासून साधारण पंचवीस किलोमीटर. त्यांच्या दवाखान्याच्या वेळा आधी विचारा. १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या गाड्यांचा क्रमांक आहे, पण विषबाधेत गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा स्वतः निघा.

सोबत न्या:

- फाडलेली स्ट्रिप किंवा बाटली, रिकामी असली तरी
- फ्रिजवरचा वजनाचा कागद
- खाल्ल्याची वेळ आणि अंदाजे संख्या
- उलटी झाली असेल तर तिचा फोटो
- लसीचं कार्ड, जुने रिपोर्ट, चालू औषधांची नावं
- एक जुना टॉवेल

डॉक्टरांनी बुंदीला उलटी करवली. टॉवेलवर एक कॅप्सूल फुगलेली, पण जवळजवळ अख्खी पडली. त्याच दिवशी कॅल्शियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिनसाठी रक्त घेतलं, पुढचे तीन दिवस रोज पुन्हा. एकदा ठीक आला म्हणून सोडू नका, आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चढू शकतो. दुसऱ्या दिवशी बुंदीचं कॅल्शियम किंचित वर गेलं, सलाइन लागलं, चौथ्या दिवशी खाली आलं. चारही रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी लसीच्या कार्डाला टाचले आहेत.

आईच्या कॅप्सूल आता देवघरावरच्या फडताळात असतात. रविवारी ती खुर्चीवर बसून स्ट्रिप उजेडात धरते, रिकामी घरं मोजते, आणि मग एक फोडते.